दुकान, ठाणे आणि शेजार

१० सप्टेंबर २०२३ ची रात्र सातारा जिल्ह्यातील मुस्लिम घरे अजून विसरलेली नाहीत. समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त झाले आणि खटाव तालुक्यातील पुसेसावळीत जमाव मशिदीवर चालून गेला. नमाजासाठी आलेल्यांना मारहाण झाली, एका तरुणाचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले. दुकाने, घरे, वाहने फोडली गेली, जाळली गेली. गेलेला जीव कोणत्याही भरपाईने परत येत नाही, त्याचे दुःख वेगळेच. पण ज्यांचे दुकान जळाले त्यांच्यापुढे दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोरडा प्रश्न उभा राहतो, त्याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. आपले किती नुकसान झाले, हे सिद्ध कसे करायचे? आणि कोणापुढे?

त्याच वर्षी तीन महिने आधी, ४ जून २०२३ रोजी, सांगलीत वेगळीच घटना घडली. मिरज रस्त्यावरील रिलायन्स ज्वेल्सच्या दालनात भर दुपारी सशस्त्र टोळी शिरली. आपण पोलिस आहोत अशी बतावणी करून त्यांनी आत प्रवेश मिळवला आणि दागिने लुटून नेले. तपासाचे धागे बिहारपर्यंत गेले. येथे धर्माचा, सणाचा, अफवेचा काही संबंध नव्हता. सराईत टोळी होती आणि लक्ष्य फक्त सोने होते.

एक संकट जमावाचे, दुसरे दरोडेखोरांचे. पण दोन्हींतून सावरायला दुकानदाराला लागतात त्या गोष्टी बऱ्याच अंशी सारख्याच आहेत: ठाण्यात ओळख, हातात कागद आणि बाजूला शेजारी. या तिन्ही गोष्टी संकटाच्या दिवशी मिळत नाहीत. त्या आधीच्या शांत दिवसांत जमवाव्या लागतात. या लेखात तेवढेच सांगायचे आहे.

ठाण्याची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण पोलिस ठाण्यालाही लावून टाकली आहे. आपल्या घरांत तर जरा जास्तच. त्यामागे अनुभव आहेत, ते नाकारून चालणार नाही. तक्रार द्यायला गेलेल्यालाच तासन्‌तास बसवून ठेवले, उलट त्याचीच चौकशी झाली, असे सांगणारे प्रत्येक मोहल्ल्यात भेटतात. पण पायरी न चढण्याची किंमतही आपणच मोजतो. ठाण्यात ज्याला कोणी ओळखत नाही, त्याचा फोन गोंधळाच्या रात्री शंभर फोनांपैकी एक होऊन जातो.

व्यवस्था कशी आहे ते समजून घेऊ. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पोलिसांच्या कोल्हापूर परिक्षेत्रात येतात. मुंबई-पुण्यासारखे येथे पोलिस आयुक्तालय नाही. जिल्ह्याचे पोलिस अधीक्षक, त्यांच्याखाली उपविभागाचे उपअधीक्षक, मग ठाण्याचे निरीक्षक किंवा सहायक निरीक्षक, आणि सर्वांत खाली आपल्या पेठेचा, गल्लीचा बीट अंमलदार. संचारबंदी किंवा जमावबंदीचा आदेश येथे जिल्हाधिकारी किंवा त्यांचे दंडाधिकारी काढतात. खेड्यात १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलिस अधिनियमाप्रमाणे नेमलेला पोलिस पाटील असतो. गावात काही शिजते आहे याची पहिली खबर ठाण्याला देणे हे त्याचे कामच आहे.

दुकानदाराच्या दृष्टीने यात सर्वांत महत्त्वाचा माणूस सर्वांत खालचा आहे, तो म्हणजे बीट अंमलदार. त्याचे नाव आणि मोबाइल क्रमांक आपल्याकडे असावा. त्याला आपले दुकान कोणते, मालक कोण, रात्री कोण झोपते, मागचा दरवाजा कोणत्या बोळात उघडतो, हे ठाऊक असावे. ही ओळख चहापाण्याच्या उपकाराची नसावी. भाडेकरूची माहिती देणे, परगावचा कामगार ठेवल्यास त्याची नोंद करणे, गल्लीतील बंद पडलेल्या दिव्याबद्दल सांगणे, अशा साध्या कामांतून ती आपोआप होते.

सणासुदीच्या आधी ठाण्याकडून काही जणांना नोटिसा येतात. पूर्वी लोक तिला ‘१४९ ची नोटीस’ म्हणत. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तेच आता कलम १६८ आहे. नोटीस आली की घरात घबराट पसरते. ती गुन्ह्याची नोंद नव्हे. गुन्हा घडू नये म्हणून दिलेली ती ताकीद असते. ती शांतपणे वाचावी, एक प्रत ठेवून घ्यावी. आणि त्याच भेटीत आपल्या दुकानाला धोका वाटत असेल तर तसा लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. धोक्याची कल्पना आधी दिली होती, याचा तो कागद पुढे मोलाचा ठरतो.

भिवंडीने दाखवलेली वाट

पोलिस आणि मोहल्ला यांचे नाते सुधारू शकते का? महाराष्ट्रातच त्याचे उदाहरण आहे. भिवंडी १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळली होती. १९८८ मध्ये तेथे पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान दोघेही होते. विशेष म्हणजे कमिटीची जबाबदारी मोठ्या साहेबाकडे न देता साध्या पोलिस शिपायाकडे दिली गेली. बैठकीत फक्त दंगलीवर चर्चा होत नसे. नळ, गटार, शेजाऱ्यांची भांडणे असे रोजचे विषय निघत. त्यातून शिपाई लोकांना आणि लोक शिपायाला ओळखू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा जवळची भिवंडी शांत राहिली.

आपल्या सांगली जिल्ह्यानेही राज्याला असेच काही दिले आहे. तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातला तंटा गावातच, समितीपुढे बसून मिटवायचा, ही त्यामागची कल्पना. आज ठिकठिकाणी ठाण्याची शांतता समिती असते. पण बहुतेक ठिकाणी ती गणेशोत्सव, मोहरम, ईद जवळ आली की एकदा बसते आणि मग वर्षभर दिसत नाही. आपले प्रतिनिधीही बहुधा तेच ते, दर वेळी पहिल्या रांगेत बसणारे असतात. बाजारात रोज शटर उघडणारा तरुण दुकानदार, गाळे सांभाळणारा व्यवस्थापक, शिलाईचे किंवा बांगड्यांचे दुकान चालवणारी भगिनी या समितीत असायला हवी. दंगलीत काय जळते हे त्यांनाच नेमके ठाऊक असते.

मिरजेचा धडा

सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवातील स्वागत कमानीवरील चित्रावरून वाद पेटला. मिरजेत संचारबंदी लागली आणि लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेले. ही तीच मिरज, जिच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात उरुसाला गाण्याची मैफल बसते आणि सर्व धर्मांचे श्रोते येतात. ज्या शिकलगार घराण्यांनी शस्त्रांना धार लावता लावता सतार-तंबोरे घडवायला सुरुवात केली, त्यांची दुकाने याच गावात आहेत. त्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असे गावही दोन दिवसांत संचारबंदीत जाऊ शकते, तर इतरांनी गाफील राहू नये.

संचारबंदी लागली की दुकानदार दुकानापर्यंत पोहोचू शकत नाही. नाशवंत माल सडतो, गल्ल्यातली रोकड तशीच राहते, शटर फोडले गेले तरी दोन दिवस कळत नाही. पुसेसावळीच्या घटनेनंतर सातारा जिल्ह्यात इंटरनेटही बंद करण्यात आले. इंटरनेट बंद म्हणजे व्हॉट्सॲप बंद, क्यूआर कोडवरचे पैसे बंद, आणि मोबाइलवर दुकान दाखवणारा कॅमेराही बंद. म्हणून काही साध्या गोष्टी:

ठाणे, बीट अंमलदार, शेजारचे दोन दुकानदार आणि अग्निशमन केंद्र यांचे क्रमांक कागदावर लिहून घरात आणि दुकानात लावावेत. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक साध्या फोनवरून लागतो. सणाच्या किंवा तणावाच्या दिवसांत रात्रभर गल्ल्यात रोकड ठेवू नये. गॅस सिलिंडर, रॉकेल, थिनर, रद्दी असा पेट घेणारा माल पुढच्या दारापाशी रचू नये. आणि धोका दिसला तर दुकान वाचवायला एकट्याने धावू नये. माल पुन्हा भरता येतो. घरच्या माणसांना हे आधीच सांगून ठेवावे, कारण त्या क्षणी डोके ठिकाणावर राहत नाही.

पोलिस आहे म्हणून सांगणारा

सांगलीच्या दरोड्यातून शिकायचे ते असे, की गणवेश किंवा ‘आम्ही पोलिस’ हे शब्द म्हणजे ओळखपत्र नव्हे. कोणी तपासणीसाठी आत येत असेल तर ओळखपत्र पाहावे, नाव आणि ठाणे विचारावे, आणि त्यांनी दिलेल्या क्रमांकावर फोन न करता आपल्याकडे असलेल्या ठाण्याच्या क्रमांकावर खात्री करून घ्यावी. खरा पोलिस याचा राग मानत नाही. सराफ, मोबाइलचे दुकानदार, विट्याकडचे गलाई व्यावसायिक यांनी तर कामगारांना हे शिकवून ठेवावे.

पहारेकरी ठेवायचा तर त्याची एजन्सी २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखाली परवाना घेतलेली आहे का, हे विचारावे. अशा एजन्सीवर पहारेकऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याची आणि त्याला प्रशिक्षण देण्याची जबाबदारी असते. ओळखीचा म्हणून दोन हजार कमी घेणाऱ्याला रात्रीची किल्ली देणे महागात पडते.

कॅमेरा आणि पुरावा

आता बाजारात कॅमेरा नसलेले दुकान कमीच. पण कॅमेरा असणे वेगळे आणि पुरावा असणे वेगळे. चित्रण साठवणारा डीव्हीआर बहुतेक जण गल्ल्याखालीच ठेवतात. आग लागली तर तो आधी जळतो, दरोडा पडला तर चोर तोच उचलतो. तो आतल्या खोलीत, उंचावर, कुलपात ठेवावा. त्यातील घड्याळ बरोबर आहे का, ते महिन्यातून एकदा पाहावे. वेळ चुकलेली असेल तर न्यायालयात वकील पहिला घाव तेथेच घालतो. जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, त्यामुळे घटना घडली की लगेच प्रत काढून घ्यावी.

अशी प्रत न्यायालयात दाखल करताना प्रमाणपत्र लागते. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली असे, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली. पोलिसांनी चित्रण मागितले तर द्यावे, पण काय दिले, कोणत्या तारखेचे आणि कधी दिले, याची लेखी पोच घ्यावी आणि एक प्रत आपल्याकडे ठेवावी. ते चित्रण व्हॉट्सॲपच्या गटांत मात्र टाकू नये. आज आपल्या बाजूचे वाटणारे चित्रण उद्या दुसऱ्या गावात आग लावू शकते.

फिर्याद, पंचनामा, भरपाई

दुकान फुटले असेल तर झाडलोट करण्याआधी फोटो घ्यावेत आणि पंचनामा होईपर्यंत तुटलेले कुलूप, वाकलेले शटर तसेच ठेवावे. विमा कंपनी घरफोडीच्या दाव्यात जबरदस्तीने शिरल्याच्या खुणा पाहते. पंचनाम्यात मालाचे वर्णन मोघम असू देऊ नये. ‘कापडाचे नुकसान’ एवढ्याने काही हाती लागत नाही. किती ठाण, कोणत्या दराचे, कोणत्या बिलाचे, हे आले पाहिजे. म्हणून स्टॉकची वही, खरेदीची बिले, जीएसटीची विवरणे यांची एक प्रत दुकानाबाहेर, घरी असावी. घरातील बाईला ती फाइल कोठे आहे हे माहीत असावे. संकटात घरचा कर्ता पुरुष रुग्णालयात असू शकतो.

गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. हद्द आपली नाही म्हणून परत पाठवता येत नाही. यालाच शून्य क्रमांकाची फिर्याद म्हणतात. फिर्यादीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ठाण्याने नोंद घेण्यास नकार दिला तर कलम १७३ प्रमाणे तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलिस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तपास कोठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवण्याचे बंधनही नव्या संहितेत आहे. हे कलम-क्रमांक पाठ करायला नकोत, पण ते आहेत एवढे ठाऊक असले तरी बोलण्यात ठामपणा येतो.

जमावाने केलेल्या नुकसानीसाठी महाराष्ट्र पोलिस अधिनियमात, म्हणजे जुन्या १९५१ च्या मुंबई पोलिस कायद्यात, कलम ५१ आहे. राज्य सरकार दंगलग्रस्त भाग आणि काळ जाहीर करते, मग त्या भागातील नुकसानग्रस्तांना भरपाईसाठी अर्ज करता येतो. अशा अर्जाला मुदत असते. शोकात आणि धावपळीत ती निघून जाते. म्हणून मोहल्ल्यातील एखाद्या वकिलावर किंवा शिकलेल्या तरुणावर हे काम आधीच सोपवून ठेवावे.

विम्याचा प्रश्न

आपल्याकडे अनेक दुकानदार विमा घेत नाहीत. काहींना हप्ता परवडत नाही, पण बऱ्याच जणांच्या मनात शरई शंका असते. शंका रास्त आहे आणि उलमांनी तिचा विचार केलेला आहे. लखनौच्या नदवतुल उलमाच्या शरई संशोधन मंडळाने १९६५ मध्ये, आणि पुढे इस्लामिक फिक्ह अकॅडमीनेही, भारतातील दंगलींची परिस्थिती ध्यानात घेऊन गरजेच्या मर्यादेत विम्याची मुभा मान्य केली. मतभेद आहेत, ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. पण न विचारताच ‘नको’ म्हणून बसणे आणि मग नुकसान झाल्यावर चंद्यासाठी हात पसरणे, हेही बरे नव्हे.

१ एप्रिल २०२१ पासून छोट्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे मिळते. एका ठिकाणच्या ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ती आहे. आग, पूर, दंगल आणि समाजकंटकांनी केलेली नासधूस तीत येते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा बाजारपेठेचे काय झाले हे आठवले की पुराचे महत्त्व वेगळे सांगायला नको. साध्या चोरीसाठी मात्र घरफोडीची वेगळी पॉलिसी लागते, हे एजंटला विचारून घ्यावे. मालाची किंमत कमी दाखवून हप्ता वाचवला तर दाव्याच्या वेळी त्या प्रमाणात रक्कम कापली जाऊ शकते.

मशिदीचे गाळे

आपल्या समाजातील मोठे गाळेमालक कोण, असे विचारले तर अनेक गावांत उत्तर येईल: मशीद, दर्गा, मदरसा यांचे ट्रस्ट. रस्त्याकडेला दहा-पंधरा गाळे, त्यांच्या भाड्यावर इमाम साहेबांचा पगार आणि वीजबिल. हे गाळे म्हणजे अमानत आहे, पण त्यांची कागदपत्रे बहुधा एकाच माणसाच्या कपाटात असतात. इमारतीचा विमा ट्रस्टने घ्यायचा की भाडेकरूने, हेच ठरलेले नसते. नियम सोपा आहे: इमारत ट्रस्टची, तिचा विमा ट्रस्टने घ्यावा, आतला माल भाडेकरूचा, त्याचा विमा भाडेकरूने. भाडेकराराची नोंद, भाडेकरूंची माहिती ठाण्यात, एक सामाईक कॅमेरा, एक सामाईक पहारेकरी आणि सर्व कागदांची प्रत दोन वेगळ्या घरांत, एवढे प्रत्येक ट्रस्टला करता येते. भाडेकरू हिंदू असोत की मुस्लिम, वर्षातून दोनदा त्यांची बैठक घ्यावी.

शेवटी शेजार

वाळवा तालुक्यातील गोटखिंडीत गेली चार दशके गणपती मशिदीत बसवला जातो, हे आपण अभिमानाने सांगतो. पण शेजार सणापुरता ठेवून भागत नाही. ज्याच्याशी रोज सुट्टे पैसे देवघेव होते, ज्याच्या मुलाच्या लग्नाला आपण जातो, तो शेजारचा दुकानदार जमावापुढे हात आडवा करण्याची शक्यता जास्त असते. बाजारपेठेच्या व्यापारी संघटनेत आपण वर्गणीपुरते असतो, बैठकीला नसतो. तेथे बसावे, रात्रीच्या गस्तीत आपला माणूस द्यावा, सामाईक कॅमेऱ्यांत पैसे घालावेत. बाजार सर्वांचा आहे आणि त्याची राखणही सर्वांची, हे आपल्या उपस्थितीवरूनच इतरांना पटते.

या महिन्यात तीन कामे उरकून घ्या. ठाण्यात जाऊन बीट अंमलदाराला भेटा. दुकानाच्या कागदांची एक फाइल घरी आणून ठेवा. आणि उजवीकडच्या, डावीकडच्या दुकानदाराशी एकदा बसून ठरवा, की गोंधळ झाला तर कोण कोणाला फोन करील.